अठरावे वर्ष, पण कोणाचे?

कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ, एका भग्न मूर्तीशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. ‘कण्हाचा शिष्य बलक याने केले’ असा तिचा अर्थ. कोणी केले ते कळते, तो कोणाचा शिष्य तेही कळते. केव्हा केले हे मात्र त्या ओळीत नाही. म्हणून अक्षरांच्या वळणावरून आणि लाकडी बांधकामाची नक्कल करणाऱ्या कोरीव कामावरून अंदाज बांधावा लागतो. तो साधारणपणे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकाचा आहे.

याउलट नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीच्या एका लेखात तारीख आहे: वर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस पहिला. पण हे अठरावे वर्ष राजाच्या कारकिर्दीचे. तो गादीवर कधी आला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, त्यामुळे इतक्या नेमक्या तारखेचेही इसवी सनातले वर्ष निश्चित होत नाही. तारीख ही एक मोजणी आहे. मोजणीचा आरंभ हरवला, की आकडा शिल्लक राहतो आणि अर्थ निघून जातो.

संगणकालाही हा आरंभ ठरवावा लागला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या माहितीपुस्तिकेत १ जानेवारी १९७१ पासून सेकंदाचे साठावे भाग मोजलेले आहेत. ३२ अंकस्थानांत ही मोजणी अडीच वर्षेही पुरेना. म्हणून पुढे सेकंद मोजायचे ठरले आणि आरंभ १ जानेवारी १९७० ची ग्रीनिचची मध्यरात्र हा झाला. त्या क्षणी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते.

१९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी वेबपानांसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत झाला. तारखांची सोय नव्याने विचार करून घडवायला वेळ नव्हता. ती जावा या भाषेतून जवळजवळ जशीच्या तशी उचलली. आरंभ १९७० चाच, फक्त मोजणी सेकंदाच्या हजाराव्या भागात. जावातल्या खोडीही सोबत आल्या. जानेवारी हा शून्यावा महिना ठरला. वर्ष सांगताना त्यातून १९०० वजा करण्याची रीत होती. त्यामुळे २००० साल उजाडले तेव्हा काही वेबपानांवर ‘१९१००’ असे वर्ष झळकले!

आणखी एक खोड पाहा. वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे दिले आणि वर्ष ० ते ९९ मधले असले, तर जावास्क्रिप्ट ते विसाव्या शतकातले मानते. म्हणजे गौतमीपुत्राचे १८ वे वर्ष तिला दिले, तर ती निमूटपणे १९१८ घेईल. चूक झाल्याची सूचनाही देणार नाही. शिलालेख वाचणारा निदान ‘कोणाचे अठरावे?’ असे विचारतो. यंत्र विचारत नाही. आरंभ ते स्वतःच गृहीत धरते.

अंतराचेही तसेच. फक्त ‘वर्ष-महिना-दिवस’ अशी एका ओळीत लिहिलेली तारीख जावास्क्रिप्ट ग्रीनिचची मध्यरात्र समजते. स्थानिक वेळेत दाखवल्यावर कर्जतला तोच दिवस दिसतो, पण न्यूयॉर्कच्या मराठी घरात आदला दिवस! नातवंडाचा वाढदिवस असा एक दिवस आधीच येतो.

वर्गात एक गणित देऊन पाहा. ख्रिस्तपूर्व १०० ते इसवी सन २००० यांत किती वर्षे? बहुतेक मुले २१०० म्हणतील. इतिहासाच्या गणनेत शून्य वर्ष नाही. ख्रिस्तपूर्व १ नंतर थेट इसवी सन १ येते. म्हणून उत्तर २०९९. जावास्क्रिप्टमध्ये मात्र शून्य वर्ष आहे, तिथे ख्रिस्तपूर्व १०० म्हणजे उणे ९९. मुलांनी लेण्यांचा कालपट संगणकावर केला, तर ही बाब त्यांना आधी सांगायला हवी.

आणि वहीत तारीख लिहिणाऱ्या मुलाला अधूनमधून विचारावे: हे वर्ष कोणत्या सनाचे, कोठून मोजलेले? बलकाच्या ओळीपुढे उभे राहिल्यावर या प्रश्नाचे मोल त्याला आपोआप कळेल.