कोळशाच्या पोटातलं औषध

भाईंदर आणि मिरे या गावांच्या मिठागरांतून पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकत आलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं आणि खाली राहील ते मीठ गोळा करायचं. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणून हे साधतं. पण पाण्यात विरघळलेली वस्तू ग्रॅमच्या कोट्यंश भागाएवढीच असली तर? पाणी आटवलं तरी ती मिठात नि गाळात हरवून जाईल. तिला नेमकं धरायला वेगळी युक्ती हवी. त्या युक्तीचा इतिहास आज सांगायचा आहे. कारण ती वस्तू म्हणजे आपणच घेतलेलं प्रतिजैविक औषध, अर्थात अँटिबायोटिक, असू शकतं.

ही युक्ती कोळशाची. १७८५ साली रशियात टोबियास लोवित्झ या औषधनिर्मात्याला दिसलं, की कोळशाची पूड गढूळ रंगाच्या द्रवातला रंग काढून घेते. कोळशाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी अगणित छिद्रं असतात. खास तयार केलेल्या कोळशाच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती पसरून ठेवल्या, तर सुमारे हजार चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन! फडकं पाणी पितं, ते शोषण. कोळसा मात्र त्या भिंतींवर पदार्थाचे कण चिकटवून धरतो. याला अधिशोषण म्हणतात.

आता औषधाकडे वळू. १९४१ साली ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचलं. औषध इतकं दुर्मिळ, की डॉक्टरांनी त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढलं नि पुन्हा टोचलं. तरीही साठा संपला आणि तो बिचारा दगावला. पण एक गोष्ट तेव्हाच उघड झाली. औषध शरीरात गेलं म्हणजे संपलं असं नव्हे. त्यातलं बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं.

दोन वर्षांनी, १९४३ साली, अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांना मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयावर चालणारं हे पहिलं प्रतिजैविक. पण ते त्या जीवांच्या काढ्यात मिसळलेलं. वेगळं कसं करावं? तिथं कोळसा कामी आला. काढ्यात कोळसा घातला, त्यानं औषध धरलं. मग आम्ल घातलेल्या द्रवानं ते सोडवून घेतलं. आधी धरणं, मग सोडवणं, एवढीच ती रीत.

आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून देशी पेनिसिलिन निघू लागलं. ज्या दुखण्यांनी घरं ओस पडत, ती बरी होऊ लागली. हा उपकार विसरण्याजोगा नाही.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच बजावलं होतं, की अपुऱ्या मात्रेनं जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. पाण्यात उतरलेलं थोडंथोडं औषध हीच अपुरी मात्रा ठरू शकतं. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी हैदराबादजवळ पाटणचेरू इथं औषध कारखान्यांचं शुद्ध केलेलं सांडपाणी तपासलं. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. रोग्याच्या रक्तात असतं त्याहून हे जास्त!

एवढं औषध लगेच सापडतं. नदीतलं लेशमात्र औषध शोधायला पुन्हा तीच जुनी रीत लागते. बाटलीभर पाणी सच्छिद्र दाण्यांच्या छोट्या नळीतून सोडतात. दाणे कोळशाचे, नाहीतर खास प्लास्टिकचे. औषध त्यांना चिकटतं. मग थोड्याशा मेथॅनॉलनं ते सोडवतात आणि यंत्र त्याचे रेणू वजनावरून ओळखतं. एकेकाळी जी युक्ती औषध मिळवायला वापरली, तीच आता सांडलेलं औषध हुडकायला वापरतात.

मीरा-भाईंदरच्या नळाला शहाड-टेमघरहून उल्हास नदीचं पाणी येतं. तीच नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत शेवटी भाईंदरच्या दारावरून वसईच्या खाडीत उतरते. वरच्या गावानं सोडलेलं खालच्या गावाच्या वाट्याला येतं. ही गोष्ट प्रत्येक नदीची आहे. तुरटी, निवळी यांनी गढूळपणा बसतो, उकळण्यानं जंतू मरतात; पण विरघळलेलं औषध त्यानं जाईलच असा भरवसा नाही. म्हणून ते पाण्यात जाऊच न देणं बरं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या गोळ्या घेऊ नका, सांगितलेली मात्रा मधेच सोडू नका, उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नका. गुरांनाही ढोरांच्या डॉक्टरला विचारूनच औषध द्या.

आणि गुरुजी, एक सोपा प्रयोग वर्गात करून दाखवा. पेलाभर पाण्यात शाईचा थेंब टाका, त्यात लाकडी कोळशाची बारीक पूड मूठभर ढवळा, काही वेळ ठेवून जाड फडक्यातून गाळा. रंग फिका झालेला मुलांना दिसेल. ते पाणी कुणी पिऊ नये. मग मुलांना विचारा: शाई गेली कुठं?