गॅलेगा ते मेटफॉर्मिन

'वनस्पतीपासून बनवलेले, म्हणून निर्धोक' असे चूर्णांच्या आणि काढ्यांच्या जाहिरातींत आपण नेहमी वाचतो. वजन वाढलेल्या आणि रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाला या वाक्याने मोठा धीर येतो. ते कितपत खरे, हे एका वनस्पतीच्या इतिहासावरून तपासून पाहू या.

गॅलेगा ऑफिसिनॅलिस ही वाटाण्याच्या कुळातील, जांभळट फुलांची वनस्पती. युरोपात मध्ययुगापासून ताप, जंत, प्लेग अशा नाना विकारांवर ती दिली जाई. मात्र हीच वनस्पती जास्त खाण्यात आली, तर मेंढ्या दगावतात. तिच्यात ग्वानिडीन वर्गातील संयुगे असतात. ग्वानिडीनमुळे प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते, असे वातानाबे यांनी १९१८ साली दाखवले. पुढे गॅलेगामधील गॅलेगीन मधुमेही रुग्णांना देऊन पाहिले. परंतु त्याच्या विषारीपणामुळे ते मागे पडले. १९२६ मध्ये आलेले सिंथॅलिन हे कृत्रिम औषधही यकृताला घातक ठरले.

याच गोत्रातील मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिन येथे वर्नर आणि बेल यांनी तयार केले होते. फ्रान्समधील डॉ. झाँ स्टर्न यांनी ते मधुमेही रुग्णांना देऊन आपले निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचाच भाऊबंद असलेले फेनफॉर्मिन मात्र रक्तातील लॅक्टिक आम्ल धोकादायक प्रमाणात वाढवते, म्हणून १९७० च्या दशकाअखेर अनेक देशांनी बंद केले. म्हणजे वनस्पतीने दिशा दाखवली. पण कोणते संयुग वापरण्याजोगे, हे ठरवले ते चाचण्यांनी.

मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. वजन ७ टक्के उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, हे उद्दिष्ट दिलेल्या गटात ते ५८ टक्क्यांनी घटले!

हे भारतीयांनाही लागू पडते का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३१ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्क्यांनी, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी, तर दोन्ही मिळून २८.२ टक्क्यांनी कमी झाला. आहार-व्यायामाला गोळीची जोड देऊन अधिक काही पदरात पडले नाही.

यावरून सर्व वनौषधी निरुपयोगी आहेत, असे आम्ही म्हणत नाही. मेटफॉर्मिनचे मूळ एका वनौषधीतच आहे. पण विद्यार्थ्यांनी अशी जाहिरात वर्गात आणली, तर त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: औषध किती जणांना दिले? किती काळ? आणि तुलना कोणाशी केली? जाहिरातीत याची उत्तरे नसतील, तर आई-वडिलांनी आपली चालू औषधे बंद करून ते चूर्ण घेऊ नये, एवढे तरी मुले घरी जाऊन सांगू शकतील.