विद्यापीठ, कोबाल्ट आणि हरवलेली नोंद

१/ अणुसुरक्षा म्हटले की अणुभट्ट्या आणि क्षेपणास्त्रे आठवतात. भारतातील एका गंभीर किरणोत्सर्गी दुर्घटनेचा उगम मात्र विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात होता.

२/ दिल्ली विद्यापीठाने १९६८ मध्ये कॅनडाहून कोबाल्ट-६० असलेले ‘गॅमा सेल’ हे संशोधन-उपकरण आणले. १९८५ नंतर ते वापराविना पडून राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले.

३/ मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. माणसे आजारी पडली. एप्रिलमध्ये एक कामगार दगावला. कोबाल्ट-६० ची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. चार दशकांत ती मूळच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्यावर आली होती. तरीही प्राणघातक ठरली.

४/ मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाने (स्थापना १९८३) स्रोताचा माग विद्यापीठापर्यंत काढला आणि विद्यापीठाला किरणोत्सर्गी स्रोत वापरण्यास मनाई केली.

५/ त्याच एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या अणुसुरक्षा परिषदेत भारताने अणुऊर्जा भागीदारीचे जागतिक केंद्र उभारण्याची घोषणा केली. प्रशिक्षणाची परंपरा तर आपल्याकडे जुनीच: तुर्भ्याची प्रशिक्षण शाळा १९५७ ची, होमी भाभा राष्ट्रीय संस्था २००५ ची.

६/ म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती, नियमांचीही नव्हती. किरणोत्सर्ग संरक्षण नियम २००४ पासून लागू होते. पिढ्या बदलल्या आणि त्या पेटीत काय आहे, ही स्मृती विभागातून पुसली गेली.

७/ इतिहासाचा विद्यार्थी दफ्तराचे मोल जाणतो. अणुसुरक्षेचे शिक्षण समीकरणांइतकेच नोंदवहीचेही असते. हा प्रश्न आपल्या मराठवाड्यासह प्रत्येक विद्यापीठाने स्वतःला विचारावा: आपल्या कुलूपबंद कपाटांत काय आहे, हे आज कोणाला ठाऊक आहे?