उडत्या कॅमेऱ्याची पिवळी वायर

ड्रोनवरून खाली चित्र पाठवायची विद्या कुणाची, असं आजच्या पोरांना विचारलं की ती चिनी कंपन्यांची नावं सांगतात. मला ते पटत नाही. मी साताऱ्यात आधी टीव्ही दुरुस्त करायचो, मग लग्नाच्या शूटिंगला लागलो आणि तिथून ड्रोनकडे वळलो. सुरुवातीच्या ड्रोनमध्ये कॅमेऱ्यापासून ट्रान्समीटरकडे जाणारी जी वायर असायची, तिच्यातला सिग्नल आणि आमच्या दुकानातल्या व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेतून निघणारा सिग्नल अगदी एकच होता. उडत्या कॅमेऱ्याचा इतिहास हा टेलिव्हिजनचाच इतिहास आहे आणि तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून सुरू होतो.

1934 साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीतले व्लादिमीर झ्वोरिकिन यांनी एक टिपण लिहिलं. टीव्ही कॅमेऱ्याची आयकोनोस्कोप नळी बनवणारे ते हेच. रेडिओवर चालवलेला उडता बॉम्ब नजरेआड गेला की चालवणारा आंधळा होतो. तेव्हा बॉम्बच्या नाकातच विजेचा डोळा बसवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. दहा वर्षांनी अमेरिकन नौदलाने हे खरं करून दाखवलं. टीडीआर-1 नावाचं ते विमान लाकूड आणि पोलादी नळ्यांचं होतं. नाकात आरसीएचा कॅमेरा, पोटाशी बॉम्ब आणि आत माणूस कुणी नाही. मागून येणाऱ्या अ‍ॅव्हेंजर विमानात चालक बसायचा, त्याच्यासमोर एक छोटा पडदा असायचा आणि त्या पडद्यावर बघून तो पुढचं विमान वळवायचा. 30 जुलै 1944 रोजी ग्वाडलकॅनालच्या किनाऱ्याला रुतून बसलेल्या यामाझुकी मारू या जपानी जहाजावर त्याची चाचणी झाली. सप्टेंबर अखेरपासून महिनाभर सॉलोमन बेटांच्या परिसरात ही विमानं लढाईत वापरली गेली आणि मग नौदलाने तो कार्यक्रमच गुंडाळला.

कॅमेरा, ट्रान्समीटर, अँटेना, रिसीव्हर, पडदा. ही साखळी तेव्हाच पूर्ण झाली होती. पुढे बदललं ते वजन आणि किंमत.

आता त्या वायरीतून नेमकं काय जातं ते सांगतो, कारण सगळी खुबी तिथेच आहे. कॉम्पोझिट व्हिडिओ म्हणजे एक व्होल्टचा सिग्नल. त्यातले 0.7 व्होल्ट चित्राच्या उजेडासाठी आणि 0.3 व्होल्ट सिंकसाठी. आपण स्वीकारलेल्या पाल पद्धतीत एका चित्राच्या 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रं आणि एक रेषा 64 मायक्रोसेकंदांची. प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला 4.7 मायक्रोसेकंदांचा एक खड्डा येतो, तो सिंक. ढोल पथकात टोलवाला ठेका धरून ठेवतो, तसा हा खड्डा पडद्याला ठेका देतो. तो चुकला की चित्र घसरत जातं. रंगाची माहितीही त्याच तारेत, 4.43 मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसून येते. जर्मनीत टेलिफुंकनचे वाल्टर ब्रूख यांनी ही पद्धत रचली आणि जानेवारी 1963 मध्ये हॅनोव्हरला तज्ज्ञांसमोर मांडली. आपल्याकडे 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं ते याच पद्धतीने. म्हणजे उजेड, रंग आणि ठेका हे सगळं एका तारेत आणि सोबत एक ग्राउंड. 75 ओहमची जोडणी सांभाळली की झालं. मधे कॉम्प्युटर नाही, परवानगी विचारणारं सॉफ्टवेअर नाही. ज्याच्या हातात सोल्डरिंग आयर्न आहे त्याला हे जोडता येत होतं.

छंदी लोकांनी नेमका याचाच फायदा घेतला. एका खोलीतल्या व्हीसीआरचं चित्र दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर नेणारे बिनतारी एव्ही सेंडर बाजारात होते. सीसीटीव्हीचे बोटभर कॅमेरे स्वस्त झाले होते: लाल वायर 12 व्होल्टची, काळी ग्राउंडची, पिवळी व्हिडिओची. ही दोन बाजारू यंत्रं रेडिओवरच्या खेळण्यातल्या विमानाला बांधली आणि लोक जमिनीवर बसून विमानाच्या नाकातून बघू लागले. सुरुवातीला बरेच जण 2.4 गिगाहर्ट्झवर चित्र पाठवायचे. पण 2005 नंतर खुद्द रिमोटच त्या पट्ट्यात आले आणि चित्राचा ट्रान्समीटर रिमोटचा आवाज दाबायला लागला. म्हणून चित्र 5.8 गिगाहर्ट्झवर गेलं. या लहरीला झाडंझुडपं आणि भिंती सोसत नाहीत, पण तिची अँटेना बोटाएवढी होते. परावर्तित लहरींचा त्रास कमी व्हावा म्हणून पाकळ्यांसारख्या वळवलेल्या तारांच्या, गोल फिरत्या लहरी सोडणाऱ्या अँटेना आल्या.

या छंदाचं पहिलं मोठं कोर्टप्रकरणही याच वायरीवर उडणाऱ्या माणसाचं. टीम ब्लॅकशीपचे राफाएल पिर्कर यांनी ऑक्टोबर 2011 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात फोमचं विमान चित्रावर बघून उडवलं. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने त्यांना 10,000 डॉलर दंड ठोठावला. मार्च 2014 मध्ये न्यायाधीशांनी तो उडवून लावला, नोव्हेंबरमध्ये वरच्या मंडळाने तो निकाल फिरवला आणि जानेवारी 2015 मध्ये 1,100 डॉलरवर तडजोड झाली. खेळण्यातलं विमान हे कायद्याने विमान ठरतं, हे तिथे पक्कं झालं.

आपल्याकडे बहुतेकांनी चित्र पाठवणारा चार पंख्यांचा ड्रोन पहिल्यांदा पाहिला तो डिसेंबर 2009 मध्ये, ‘थ्री इडियट्स’मध्ये. तो ड्रोन मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या पोरांच्या आयडियाफोर्ज या कंपनीचा. याच कंपनीने पुढे पुण्यात दिघीला असलेल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेबरोबर ‘नेत्र’ हा टेहळणी ड्रोन बनवला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ड्रोन म्हणजे बाहेरून आलेला डबा असा जो समज आहे तो खोटा आहे.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांचं पर्व आलं ते जानेवारी 2013 मध्ये डीजेआय कंपनीचा फँटम ड्रोन निघाल्यावर. त्याला स्वतःचा कॅमेराच नव्हता. खाली गोप्रो कॅमेरा टांगायचा आणि उडवायचं. पण वर गेलेला कॅमेरा मांडवाकडे बघतोय की पार्किंगकडे, हे खालून कसं कळणार? तिथे आमची विद्या कामी आली. गोप्रो हिरो-3 च्या बाजूला दहा पिनांचं मिनी यूएसबी भोक होतं आणि त्यातूनच कॉम्पोझिट व्हिडिओ निघायचा. तो प्लग उघडून भिंगाखाली त्यावर सोल्डर मारावं लागे. पिना इतक्या जवळ की टिपूस जरा मोठा पडला तर दोन पिना एक व्हायच्या आणि लहान पडला तर ड्राय सोल्डर, म्हणजे हवेत गेल्यावर चित्र गायब. वायर मऊ सिलिकॉनची घ्यायची; जाड वायर कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलला ओढते आणि क्षितिज वाकडं दिसतं. व्हिडिओ आणि ग्राउंड ट्रान्समीटरला, 5 व्होल्ट कॅमेऱ्याला. थ्रॉटल वाढवला की मोटारींचा खरखराट बॅटरीच्या लाइनमधून चित्रात शिरायचा आणि तिरप्या रेषा धावायच्या. त्यावर एक कॉइल आणि एक कपॅसिटर, हा टीव्ही मेकॅनिकला पाठ असलेला इलाज. गोप्रोचं वायफाय आठवणीने बंद करायचं, कारण तेही 2.4 वरच आणि रिमोटही 2.4 वर. आणि अँटेना लावल्याशिवाय ट्रान्समीटरला पॉवर द्यायची नाही. ताकदीला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो.

पडद्याची गोष्ट तर खास आहे. स्वस्तातला एलसीडी मॉनिटर सिग्नल थोडा कमी झाला की स्वतःहून सगळा निळा व्हायचा. दुकानात ती सोय म्हणून सांगत, पण उडवणाऱ्याचा तिथे जीवच जायचा. आम्हाला मुंग्या, म्हणजे सिग्नल कमी झाला की चित्रात येणारे ठिपके, दाखवणारा मॉनिटर हवा असे. मुंग्या वाढायला लागल्या की ड्रोन लांब गेला किंवा आंब्याआड आला हे लगेच कळतं, आणि मुंग्यांतूनही मांडवाची कड दिसत राहते. असा मॉनिटर मिळावा म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत शोधाशोध चालायची. बिघडलेलं चित्रसुद्धा काहीतरी सांगत असतं, आणि पिवळ्या वायरीतल्या अ‍ॅनालॉगचा हा गुण मला आजही मोलाचा वाटतो.

हे पर्व फार टिकलं नाही. 7 ऑक्टोबर 2014 रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून नियम होईपर्यंत खासगी ड्रोन थांबवले. सुटसुटीत नियम आले ते ऑगस्ट 2021 मध्ये. दरम्यान कॅमेरा, गिंबल आणि ट्रान्समीटर एकाच बंद शरीरात आले आणि चित्र मोबाइलवर दिसू लागलं. चित्र निःसंशय सुंदर झालं. शूटिंगवाल्यांची सोय झाली हे मी नाकारत नाही. पण बिघडलं की उघडून बघण्याचा रस्ता बंद झाला आणि आमच्यासारख्यांच्या हातून एक काम गेलं.

ड्रोनच्या शर्यती लावणाऱ्यांनी मात्र पिवळी वायर सोडली नाही. डिजिटल चित्र आधी दाबून बारीक करावं लागतं, त्यात उशीर होतो, आणि सिग्नल तुटायला आला की ते थिजतं. अ‍ॅनालॉग जवळजवळ त्याच क्षणी पोचतं. आठ जणांनी एकत्र उडावं म्हणून 5658 ते 5917 मेगाहर्ट्झमध्ये 37-37 च्या अंतराने आठ चॅनेल ठरले. मार्च 2016 मध्ये दुबईच्या शर्यतीत ल्यूक बॅनिस्टर या 15 वर्षांच्या इंग्रज पोराच्या संघाने अडीच लाख डॉलर जिंकले. 2022 पासून युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी हेच स्वस्त अ‍ॅनालॉग कॅमेरे आणि ट्रान्समीटर स्फोटकं बांधून वापरले आहेत. 1944 मध्ये जे काम नौदलाच्या प्रयोगशाळांना करावं लागलं, ते आता घराघरांतल्या टेबलांवर सोल्डर मारून होतं. मला याचं वाईट वाटतं, पण इतिहास सांगायचा तर हे वगळता येत नाही.

दूरदर्शनने जमिनीवरून चालणारं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण काही मोजकी ठिकाणं सोडून 2022 पर्यंत बंद केलं. पाल आता बहुतेक ठिकाणी घरच्या अँटेनावर येत नाही. ती उरली आहे ती ड्रोनच्या छोट्या ट्रान्समीटरमध्ये आणि जुन्या मेकॅनिकांच्या डोक्यात. म्हणून आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: एखादा जुना सीसीटीव्ही कॅमेरा ऑसिलोस्कोपला जोडा, ती 64 मायक्रोसेकंदांची रेषा आणि तिचा सिंक पोरांना दाखवा, आणि गावातल्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला एक दिवस वर्गात बोलवा. हे शिकवू शकणारी माणसं अजून आहेत.