अंगावर काढलेली दुखणी

अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडून येते. सरकारी दवाखान्यात हे विचारतं कोण? तिथं बाई दिसायची ती बाळंतपणात, नाहीतर कुटुंबनियोजनात.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायका तपासल्या. 1989 साली ‘लॅन्सेट’ने आकडे छापले: 92 टक्के बायकांना स्त्रीरोग, आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के.

छत्रपती संभाजीनगर विभागातल्या बीडमध्ये या दुर्लक्षाने क्रूर रूप घेतलं. उसाच्या फडात खाडा पडला की मुकादम दंड कापतो. म्हणून ऊसतोड मजूर बाई दुखणं अंगावर काढते, आणि दवाखान्यात अनेकींची थेट गर्भपिशवीच काढली गेली! 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत अशा 13 हजारांहून अधिक जणी निघाल्या. याच सुमारास बीडमधल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.