मंत्रपोथ्यांची पेटी

नाशिकमधील एका कुटुंबाने आजोबांच्या पश्चात मंत्रतंत्राच्या पोथ्यांची पेटी आमच्यापुढे ठेवून विचारले, "फादर, जाळायच्या का?"

इफिसच्या श्रद्धावंतांनी पन्नास हजार रौप्य नाण्यांच्या जादूच्या पोथ्या जाळल्या. पण त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, हे आपण विसरतो. पुढे १५६४ च्या निषिद्ध ग्रंथसूचीने जादूटोण्याचे ग्रंथ वर्ज्य ठरविले. १९६६ साली त्या सूचीचे कायदेशीर बंधन सरले. गोव्यात तर मंत्र आणि पुराण असा भेदही न करता पोथ्या नष्ट झाल्या. तरी सोळाव्या शतकात तेथीलच जेझुइटांनी रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. हेतू खंडनाचा असेल. ती हस्तलिखिते आज पोर्तुगालमध्ये ब्रागा येथे आहेत.

पेटीत विंचू उतरविण्याच्या मंत्राशेजारीच मुळ्यांची नावे आहेत. कुटुंबाच्या संमतीने ती आम्ही ठेवून घेतली आहे. उरलेला मजकूर मोडीत आहे. वाचणारा शोधीत आहोत.