माळवदावरचा ठपका

मुंबईत कुलाबा, फोर्ट किंवा मरिन ड्राइव्हच्या बाजूला जुन्या इमारतीतले, नीट दुरुस्त केलेले घर विक्रीला निघते, तेव्हा सागवानी दारे, उंच छत आणि जुनी फरशी यांचे कौतुक आधी होते, चौरस फुटांचा हिशेब नंतर. घराचे वय तिथे भाव चढवते. पण ते वय आपोआप टिकलेले नसते. १९६९ च्या कायद्याने मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ आले, त्यासाठी उपकर बसला. १९९५ मध्ये वारसा वास्तूंची नियमावली लागू झाली आणि २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या यादीत गेला. उपकरप्राप्त इमारती आजही पावसाळ्यात कोसळतात, हे खरेच. तरीही जुने घर दुरुस्त करून राहण्याजोगे ठेवता येते, ही कल्पना तिथे कायद्यात आणि बाजारात दोन्हीकडे रुजलेली आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावांत ती कधी रुजलीच नाही. तिथल्या दगडी, माळवदाच्या घरांवर १९९३ च्या भूकंपानंतर माणसे गाडल्याचा जो ठपका बसला तो अर्धाच खरा होता, आणि उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झाल्याने मराठवाड्याने एक सबंध बांधकामविद्या गमावली, असे माझे म्हणणे आहे.

माळवद म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय हा वाद कळणार नाही. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे छत. घर किती खणांचे, यावर घराण्याची ऐपत मोजली जाई. ढाळज, चौक, सोपा, धान्याचे बळद, उजेडासाठी छताला ठेवलेले सवणे, अशी वाड्याची मांडणी. भिंती काळ्या दगडाच्या, दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत रुंद. मे महिन्याच्या उन्हात आत गारवा राहतो तो या जाडीमुळे आणि डोक्यावरच्या मातीमुळे. ही माती पाणी अडवते, पण तिची निगा लागते. पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवायच्या, नवी माती टाकून ती चोपायची. खरा धोका इथेच साचत गेला. नवी माती पडत राहिली, जुनी उतरवली गेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून काही घरांच्या छतावर दीड-दोन फूट आणि त्याहूनही अधिक माती झाली. तिचे वजन घर उभारणाऱ्या सुताराच्या हिशेबात नव्हते.

भिंतीची गोष्ट आणखी महत्त्वाची. बाहेरून सलग दिसणारी ती भिंत खरे तर दोन भिंतींची असते. आतला आणि बाहेरचा दर्शनी थर दगडांचा, मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठरावीक अंतरावर बसवला, तर हे दोन थर एकमेकांना धरून राहतात. तो वाचवला, तर जोराचा हादरा बसताच दोन्ही थर फुगून सुटतात. लांब दगड घडवायला मेहनत पडते, पैसा लागतो, आणि भिंत पूर्ण झाली की तो आहे की नाही हे घरमालकाला दिसतही नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारी परिसराला ६.२ क्षमतेचा भूकंप बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि सास्तूर हे सर्वाधिक झळ बसलेल्या गावांपैकी एक होते. हा भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणून बांधकामात कुणी खबरदारी घेतली नव्हती. आदल्या वर्षी किल्लारीत लहान हादरे बसत होते, तरीही. दगडमातीच्या भिंतींनी माणसे गाडली, हा निष्कर्ष त्या पहाटे कुणीही काढला असता. पण नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. छताचे वजन लाकडी सांगाड्याने पेललेल्या अनेक घरांत भिंती कोसळल्या, पण खांब-तुळया उभ्या राहिल्या. हलक्या छपरांच्या झोपड्यांत माणसे तुलनेने वाचली. म्हणजे मारक ठरले ते अतिरिक्त वजन आणि बंध नसलेली भिंत. दगड किंवा लाकूड हा मूळ दोष नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा, की ज्या भिंतींखाली लेकरे गेली त्यांची तरफदारी करणे निर्दयपणाचे आहे. त्या रात्रीतून वाचलेल्या माणसाने दगडी घरात पुन्हा झोपायला नकार दिला, तर त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार कुणालाच नाही. माझा वाद धोरणाशी आहे. जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसली, सास्तूरही त्यांत होते. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. बऱ्याच नव्या गावांत रेघेसारखे सरळ रस्ते आखले गेले. अनेक घरांत गुरांना गोठा नव्हता, चौक नव्हता, धान्य साठवायला बळद नव्हते. जिथे गाव हलवायचे नव्हते, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी १७ किंवा ३४ हजार रुपयांची मदत होती. मजबुतीकरणाची रीत साधी होती. भिंतीतला एखादा दगड काढून आरपार भोक पाडायचे, आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे, दारा-खिडक्यांच्या वर भिंतीभोवती पट्टा बांधायचा, छतावरची जास्तीची माती उतरवायची. भारतीय मानक ब्युरोने याच १९९३ मध्ये दगडी बांधकामासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही आरपार दगड उभ्या अंतरात ६० सेंटिमीटरवर आणि आडव्या अंतरात १.२ मीटरवर हवा, असे सांगितले होते. ज्ञान हाताशी होते. पण भीती ताजी होती, आणि दुरुस्त केलेले दगडी घर सुरक्षित असते हे डोळ्यांना पटवणारी घरे फार थोडी होती. बहुतेकांनी मदतीचे पैसे नव्या विटा-सिमेंटच्या खोलीकडे वळवले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: आता एवढे सागवान परवडते कुणाला, आणि गवंडी तरी कुठे आहेत? तो रास्त आहे. नवे माळवद बांधा, असे म्हणणे आज वेडेपणाचे ठरेल. पण जे उभे आहे त्याचे काय? मराठवाड्यात जुने वाडे उतरवले जातात तेव्हा खांब, चौकटी आणि नक्षीदार तुळया लाकूड म्हणून विकल्या जातात. तेच लाकूड शहरातल्या दिवाणखान्यात पोचले की ‘अँटिक’ होते. घराचे मोल गावात शून्य आणि त्याच्या सुट्या भागांचे मोल शहरात अनेक पटींनी, हा फरक लाकडाच्या प्रतीचा नाही. शहरात वास्तुविशारद आहे, कर्ज देणारी बँक आहे, वारसा समिती आहे. गावातल्या घरमालकाला यांतले काहीच मिळत नाही.

उलट काँक्रीट आले म्हणून धोका गेला, असेही नाही. बंध नसलेल्या दगडी भिंतीवर जाड स्लॅब टाकला, तर चूक तीच राहते, फक्त वरचे वजन मातीऐवजी सिमेंटचे होते. २००२ च्या सुधारित भूकंप नकाशात हा भाग अधिक धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आला, तरी खेड्यातल्या घराचा नकाशा तपासणारा अभियंता गावात फिरकत नाही. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत, पुनर्वसनाच्या यादीबाहेर राहिलेल्या गावांत, माळवदाची घरे अजून वापरात आहेत. त्यांच्या छतावर किती माती आहे आणि भिंतीत आरपार दगड आहेत की नाहीत, एवढी पाहणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर एका उन्हाळ्यात होऊ शकते. त्यासाठी आणि नंतरच्या दुरुस्तीसाठी लागणारे फावडे आणि पहार प्रत्येक गावात आहे, सळईचे आकडे कोणताही लोहार वळवून देईल.